मागावर बाई, इतिहासात बाप्या

औद्योगिक क्रांतीचा धडा आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केलाय. जॉन केनं धावता धोटा काढला, हरग्रीव्ह्जनं जेनी, आर्कराइटनं पाण्यावर चालणारी सूतकताई, क्रॉम्प्टननं म्यूल, कार्टराइटनं यंत्रमाग. पाच शोध, पाच बाप्ये, पाच मार्क. त्या यंत्रांपाशी कोण उभं होतं हे धड्यात नव्हतं. पुढे चळवळीत आल्यावर अभ्यासवर्गांत दुसरी गोष्ट ऐकली: भांडवलदार आला, कामगारवर्ग जन्मला, कामगारवर्ग लढला. हा कामगारवर्ग नेहमी ‘तो’ असायचा. त्याची बायको संपाच्या दिवसांत भाकरी घेऊन यायची, एवढीच तिची हजेरी. तिसरी गोष्ट आपल्याच काही मैत्रिणी सांगतात: गिरणीनं बाईला उंबरठ्याबाहेर काढलं, तिच्या हातात पगार दिला, ती स्वतंत्र झाली. आणि चौथी मला एम.एस.डब्ल्यू. करताना शिकायला मिळाली. कुटुंबाच्या विघटनाची कारणं सांगणाऱ्या यादीत ‘आईचं नोकरी करणं’ हे कारण तिथे दारूच्या शेजारी छापलेलं होतं.

या चारही गोष्टी एकदा नीट तपासायला हव्यात. त्यासाठी मी एकच गाव घेते: इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातलं ब्लॅकबर्न. १०८६च्या जमीनमोजणीच्या दप्तरात नाव असलेलं हे जुनं गाव. १८०१ मध्ये वस्ती बारा हजारांच्या आसपास, १९११ मध्ये एक लाख तेहतीस हजार. ही वाढ झाली ती कापडावर, आणि त्यातलं बरंचसं कापड आपल्यासाठी होतं. आपल्या पणजोबांनी नेसलेली धोतरं ज्या गावांत विणली जात, त्यांत ब्लॅकबर्न पहिल्या रांगेत होतं. ‘धूटी’ हा शब्द तिथल्या मागवाल्यांच्या तोंडी इतका रुळला होता की तो परका आहे हेही कुणाला जाणवत नसे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. बाईनं काम करावं की नाही हा वाद खोटा आहे, ती नेहमीच काम करत आली आहे. खरा प्रश्न असा की तिच्या कामाचा दर, वेळ आणि जागा कोण ठरवतं? ब्लॅकबर्नमध्ये प्रत्येक शतकात हे ठरवणारं दुसरंच कुणीतरी होतं. कधी यंत्राच्या नावानं, कधी संरक्षणाच्या, कधी कुटुंबाच्या, तर कधी देशाच्या.

चरख्याची पाळी

सतराव्या शतकात ब्लॅकबर्न ओळखलं जायचं ते ‘ब्लॅकबर्न चेक्स’ नावाच्या चौकडीच्या कापडासाठी. ताणा तागाचा, बाणा सुती, मधे निळे धागे. हे कापड घरोघर विणलं जायचं. व्यापारी कच्चा माल देऊन जायचा आणि तयार कापड उचलायचा. एका विणकराचा माग चालू ठेवायला तीन-चार कातणाऱ्या लागत: बायको, मुली, विधवा बहीण, शेजारीण. कातण्याचा आणि बाईचा संबंध इतका घट्ट होता की इंग्रजीत ‘स्पिन्स्टर’ म्हणजे कातणारी, हाच शब्द पुढे अविवाहित बाईसाठी कायद्याच्या कागदावर चढला. एक लक्षात घ्या, त्या शब्दात तिची कमाई आहे. लग्नाविना जगणारी बाई सूत काढून पोट भरते, हे त्या समाजाला माहीत होतं. कमाई गेली, शब्द उरला, आणि पुढे तो हेटाळणीचा झाला.

ब्लॅकबर्नशेजारच्या ऑस्वल्डट्विसलमधल्या जेम्स हरग्रीव्ह्ज या विणकरानं १७६४च्या सुमारास जेनी बनवली. तिच्यावर एका माणसाला एका वेळी आठ चात्या फिरवता येत. जेनी हे त्याच्या मुलीचं नाव, अशी गोड कथा अजूनही सांगितली जाते. त्याच्या एकाही मुलीचं नाव जेनी नव्हतं. यंत्राला बाईचं नाव मिळालं आणि यंत्रानं ज्या बायकांचं काम खाल्लं त्या बिननावाच्या राहिल्या. १७६८ मध्ये लोकांनी त्याच्या घरात घुसून यंत्रं मोडली आणि त्याला नॉटिंगहॅमला जावं लागलं. पाठ्यपुस्तकात हा जमाव ‘अडाणी’ असतो. पण ज्या कुटुंबाची निम्मी चूल चरख्यावर पेटते, त्याच्या दारात आठ चात्यांचं यंत्र येऊन उभं राहिलं तर त्यानं काय आरती ओवाळायची?

पुढे पाळी आली हातमागाची. १८२६ साली मंदीनं विणकरांची अन्नान्नदशा झाली. २४ एप्रिलला जमाव ब्लॅकबर्नमध्ये शिरला आणि त्यानं गिरण्यांमधले यंत्रमाग फोडले. त्या आठवड्यात पूर्व लँकेशायरमध्ये हजाराहून जास्त माग फुटले. चॅटरटन इथे सैनिकांनी गोळीबार केला, सहा जण मेले, त्यांत एक बाई होती. आरोपींतही बायका होत्या. हॅस्लिंग्डनच्या मेरी हिंडल या बाईची फाशी रद्द होऊन तिला ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडलं. ती परतली नाही. १८४१ मध्ये तिथल्या पॅरामाटाच्या बायकांच्या तुरुंगात तिनं जीव दिला. त्या तुरुंगाचं नाव होतं ‘फीमेल फॅक्टरी’, म्हणजे बायकांचा कारखाना. कारखान्याविरुद्ध उठलेली बाई कारखान्याच्याच नावाखाली संपली.

१८१९ची सभा

बायका लढल्या त्या नुसत्या पोटासाठी, राजकारण त्यांना पुढे कुणीतरी शिकवलं, असं समजायचं कारण नाही. १८१९च्या जूनमध्ये ब्लॅकबर्नच्या बायकांनी स्वतःची सुधारणा संघटना काढली. इंग्लंडमधल्या अशा पहिल्या संघटनांत तिची गणना होते. ५ जुलैच्या जाहीर सभेत तिच्या वतीनं ॲलिस किचन व्यासपीठावर चढली, ‘मुक्तीची टोपी’ आणि संघटनेचं निवेदन तिनं अध्यक्षांच्या हाती दिलं आणि दोन शब्द बोलली. लंडनच्या व्यंगचित्रकारांना तेवढं पुरे झालं. जॉर्ज क्रुकशँकनं ‘ब्लॅकबर्नच्या सुधारक बायकां’वर अश्लील कोट्यांनी भरलेलं चित्र काढलं. बाई बोलली की तिच्या मुद्द्याला उत्तर द्यायचं नाही, तिच्या शरीरावर विनोद करायचा, ही रीत तेव्हापासूनची. आपल्या ग्रामपंचायतींत निवडून आलेल्या बायकांना ती चांगलीच ठाऊक आहे.

दीड महिन्यातच, १६ ऑगस्टला, मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात साठ हजारांच्या आसपास लोकांवर घोडदळ घातलं गेलं. पंधरा ते अठरा जण मेले, सहाशेहून जास्त जखमी झाले. जमावात बायका जेवढ्या होत्या, त्याच्या मानानं जखमींत त्या बऱ्याच जास्त निघाल्या. पांढरे कपडे घालून झेंड्यापाशी उभ्या राहिलेल्या बायकांना घोडेस्वारांनी वेचून मारलं, असं अनेकांनी तेव्हाच सांगितलं.

आणि या बायका मागत काय होत्या? मताचा हक्क. कुणासाठी? मुख्यतः नवऱ्यांसाठी, भावांसाठी, मुलांसाठी. १८३८ मध्ये कामगारांची ‘सनद’ निघाली तेव्हा तिच्या पहिल्याच कलमात एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला मत मागितलं होतं. बायकांच्या मताचा विचार मसुद्याच्या वेळी झाला होता, पण त्यामुळे पुरुषांचा हक्क लांबेल म्हणून तो गाळला. ‘आधी मोठी लढाई जिंकू, मग तुमचं बघू’. हे वाक्य ओळखीचं वाटतं की नाही?

साळखात्यातली बाई

१८४०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्लॅकबर्नच्याच ब्रूकहाउस गिरणीत केनवर्दी आणि बुलो यांनी यंत्रमागात सुधारणा केल्या. धागा तुटला की माग आपोआप थांबू लागला. याच ‘लँकेशायर मागा’च्या जातीचे साधे माग पुढे आपल्याकडे आले आणि इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीत कैक वर्षं खडखडत राहिले.

आता ‘गिरणीनं बाईला मुक्त केलं’ म्हणणाऱ्या मैत्रिणींकडे वळू. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, मी ते नाकारत नाही. १८५३ मध्ये ब्लॅकबर्नमध्ये मालक आणि विणकर संघटना यांच्यात कापडाच्या प्रकारानुसार मजुरीची ‘यादी’ ठरली. यादीत वार होते, पिके होती, दर होते. बाई-पुरुष हा रकाना नव्हता. जेवढं विणाल तेवढे पैसे. १८९२ मध्ये हीच पद्धत साऱ्या लँकेशायरच्या विणकामाला लागू झाली. जगात इतरत्र बाईला पुरुषाच्या निम्मी मजुरी मिळत असताना ही लहान गोष्ट नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्लॅकबर्नमधल्या विवाहित बायकांपैकी एक तृतीयांशाहून अधिक कमावत्या होत्या; साऱ्या इंग्लंडचं प्रमाण दहात एकीच्या आसपास होतं. विणकरांच्या घरांत मुलंही कमी होत. हातात पैसा असलेली बाई किती बाळंतपणं काढायची याबद्दल थोडंफार बोलू शकते, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

पण यादीच्या बाहेर काय होतं? मागांची दुरुस्ती करणारा आणि विणकरांवर देखरेख ठेवणारा ‘टॅकलर’, आपल्या भाषेत जॉबर, कायम पुरुष. त्याची कमाई त्याच्या हाताखालच्या बायका किती विणतात यावर अवलंबून, म्हणून तो त्यांना हाकायचा. माग कुणाचा आधी दुरुस्त करायचा हे त्याच्या मर्जीवर, आणि ती मर्जी कशी सांभाळायची याच्या अपेक्षा सांगायला नकोत. शेजारच्या नेल्सनमध्ये १८९१ साली अशाच एका जॉबरच्या वर्तनावरून विणकर संपावर गेले होते. ‘कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ’ हे शब्द नव्हते, अनुभव होता आणि त्याविरुद्ध संपही होता.

साळखात्यातला आवाज इतका की बायका एकमेकींचे ओठ वाचून बोलत. या ओठांच्या भाषेला त्यांनी ‘मी-मॉ’ असं नावही ठेवलं होतं. धोट्यात नवी कांडी घातली की धागा भोकातून ओढून घेण्यासाठी तोंडानं चोखायचा, याला म्हणत ‘धोट्याचं चुंबन’. नाव गोड, पण धाग्याबरोबर रुईचा कस, खळ आणि आधीच्या विणकरणीची थुंकी तोंडात जायची, दात कुजायचे. हाताने दोरा ओवता येईल असे धोटे निघूनही दशकं उलटली, तेव्हा कुठे १९५२ मध्ये या प्रकाराला कायद्यानं बंदी आली. कापड जड वाटावं म्हणून खळीत चिनी माती घालत, आणि असं मातीनं भारलेलं कापड हिंदुस्थानच्या बाजारात खपवत. धागा तुटू नये म्हणून खोलीत वाफ सोडत. विणकरीण घामानं भिजून थंडीत घरी जायची, तिची फुप्फुसं माती गिळायची आणि आपल्या पणजीनं ते धोतर धुतलं की माती पाण्यात वाहून जायची. दोन्ही टोकांना बाईच.

संरक्षण कुणाचं?

१८४४च्या कारखाना कायद्यानं प्रौढ बायकांना अल्पवयीन मुलांच्या रांगेत बसवलं. बारा तासांची मर्यादा, रात्रपाळी बंद. १८४७ मध्ये तास दहा झाले. तास कमी झाले याचा आनंद बायकांना झालाच, आणि त्यांच्या पदराआड पुरुष कामगारांचेही तास उतरले. पण प्रौढ बाई स्वतःबद्दल निर्णय घ्यायला असमर्थ आहे, हे तत्त्व कायद्यात शिरलं ते शिरलंच.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्लॅकबर्न, बर्नली, प्रेस्टन ही विणकामाची गावं बालमृत्यूंसाठी कुप्रसिद्ध झाली. जन्मलेल्या दर पाच बाळांमागे जवळपास एक बाळ वर्षाच्या आत जायचं. दोष कुणाचा? डॉक्टर, पाद्री, वर्तमानपत्रं, सगळ्यांनी बोट दाखवलं ते कामावर जाणाऱ्या आईकडे. उघडे संडास, खेटून बांधलेली घरं, नासकं दूध, अपुरी मजुरी यांची चौकशी नंतर. १८९१च्या कायद्यानं बाळंतिणीला चार आठवडे कामावर घ्यायला बंदी केली, पण त्या चार आठवड्यांची मजुरी कुणी द्यायची याबद्दल अवाक्षर नाही. विश्रांती दिली, भाकरी काढून घेतली! याला संरक्षण म्हणायचं? बाळंतपणाचा भत्ता आला तो १९११च्या विमा कायद्यानं, तीस शिलिंग. आणि तो बाईच्याच मालकीचा आहे असं कायद्यात यायला १९१३ उजाडलं, तेही कष्टकरी बायकांच्या सहकारी गिल्डनं पिच्छा पुरवला म्हणून.

माझ्या अभ्यासक्रमातली ती यादी कुठून आली हे आता कळलं असेल. आम्हा समाजकार्यवाल्यांची वंशावळच तिथे पोचते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे गुलाम स्त्री-पुरुषांनी वेचलेला कापूस येईना, लँकेशायरच्या गिरण्या थांबल्या, ‘कापसाचा दुष्काळ’ पडला. मदत समित्या निघाल्या. पुरुषांना खडी फोडायला, रस्ते बांधायला लावलं. गिरणीतल्या पोरींना बसवलं शिवणवर्गात, कारण त्यांना घरकाम येत नाही, बऱ्या बायका व्हायला हव्यात! ज्या पोरी चार माग सांभाळत होत्या त्यांना पोटाला मदत हवी तर काजं करायला शिका. आपल्याकडे आजही पूर येवो की दंगल, बायकांसाठीच्या पहिल्या योजनेत शिलाई मशीन का येतं, याचं मूळ शोधायला फार लांब जायला नको.

त्याच चार वर्षांत मुंबईचे व्यापारी गब्बर झाले. पश्चिम हिंदुस्थानातला सगळा कापूस लँकेशायरला ‘सुरत’ या एकाच नावानं ओळखला जायचा. आखूड धाग्याचा, घाण मिसळलेला तो कापूस मागावर सारखा तुटायचा आणि मजुरी वारावर असल्यानं तुटलेल्या प्रत्येक धाग्याचा भुर्दंड विणकरणीला. ‘सुरत’ ही तिथे शिवी झाली. १८६५ मध्ये भाव कोसळले, इथे मुंबईत शेअरवाले बुडाले. खानदेश-वऱ्हाडात तो कापूस निंदणाऱ्या-वेचणाऱ्या बायकांचा उल्लेख या साऱ्या चढ-उताराच्या इतिहासात शोधूनही सापडत नाही.

वर्गणी बाईची, खुर्ची बाप्याची

विणकरांच्या संघटनांत सभासद म्हणून बायका बहुसंख्य होत्या. चिटणीस, अध्यक्ष, वाटाघाटी करणारे मात्र पुरुष. १९०२ मध्ये शेजारच्या क्लिदरो मतदारसंघातून विणकर संघटनेचे डेव्हिड शॅकल्टन संसदेत गेले. त्यांच्या खर्चासाठी सभासद बायकांच्या मजुरीतून वर्गणी कापली जायची आणि त्या बायकांना मत नव्हतं! पैसे चालतात, मत चालत नाही.

बायका गप्प बसल्या नाहीत. १ मे १९०० रोजी ब्लॅकबर्नमध्ये उघड्यावर सभा झाली आणि सूतगिरण्यांतल्या बायकांच्या मताधिकाराच्या अर्जावर सह्या घ्यायला सुरुवात झाली. एस्थर रोपर ही या मोहिमेची सूत्रधार. कार्यकर्त्या गिरण्यांच्या फाटकाशी, संध्याकाळी घरोघरी गेल्या. वर्षभरात २९,३५९ सह्या जमल्या आणि १९०१च्या वसंतात पंधरा गिरणी कामगार बायकांचं शिष्टमंडळ तो अर्ज घेऊन लंडनला गेलं. मताधिकाराची चळवळ म्हटलं की आपल्याला लंडनच्या टोप्यावाल्या बाया आणि फुटलेल्या काचा आठवतात. त्याआधी शाली पांघरलेल्या विणकरणींच्या या सह्या होत्या.

ऑस्वल्डट्विसलला जन्मलेली एथेल कार्नी अकराव्या वर्षी अर्धवेळ गिरणीत लागली, तेराव्या वर्षी पूर्णवेळ. तिच्या कविता १९०७ मध्ये पुस्तकरूपानं आल्या, १९१३ मध्ये कादंबरी आली. कामगार वर्गातून आलेल्या पहिल्या इंग्रज स्त्री-कादंबरीकारांत तिचं नाव घेतात. ते नाव इंग्रजी वाङ्मयाच्या आपल्या एम.ए.च्या वर्गात किती जणींनी ऐकलं?

मग १९१८ मध्ये तिशीपुढच्या काही बायकांना मत मिळालं, १९२८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीनं. आता सगळं सुरळीत व्हावं! झालं काय? १९०६ मध्ये ब्लॅकबर्ननं निवडून दिलेले पहिले मजूर खासदार फिलिप स्नोडन १९३१ साली अर्थमंत्री होते आणि देशाच्या पहिल्या स्त्री कॅबिनेट मंत्री मार्गारेट बाँडफील्ड कामगार मंत्री. त्यांच्या सरकारनं ‘विसंगती कायदा’ केला. विसंगती कसली? विवाहित बाई बेकारभत्ता मागते, ही! तिनं वर्षानुवर्षं विम्याची वर्गणी भरली असली तरी लग्नानंतर ती ‘खरी कामगार’ असल्याचं तिनं सिद्ध करायचं. ब्लॅकबर्नच्या गिरण्या धडाधड बंद पडत असताना हजारो विणकरणींचा भत्ता एका सहीनं गेला. ती सही बाईच्या खात्यातून आली, हे आपण विसरू नये. खुर्चीवर बाई बसली म्हणजे बाईचं राज्य आलं असं होत नाही.

धोतराचं दुसरं टोक

गिरण्या बंद का पडत होत्या? १९१३ मध्ये ब्रिटननं सात अब्ज वार सुती कापड निर्यात केलं, त्यातलं तीन अब्ज एकट्या हिंदुस्थानला. हा बाजार तलवारीनं आणि जकातीनं राखलेला होता. लँकेशायरच्या दडपणामुळे १८९६ पासून १९२५ पर्यंत इथल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर होता. आपल्याकडच्या पहिल्या कारखाना कायद्यांमागेही लँकेशायरच्या मालकांचा हात होता. मुंबईतल्या बाईच्या तासांची त्यांना एकाएकी कणव आली, कारण तिचं कापड स्वस्त पडत होतं. १८९१च्या कायद्यानं इथेही बाईला रात्रपाळी बंद झाली.

पहिलं महायुद्ध, जपानी कापड, मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या आणि स्वदेशीची चळवळ यांनी तो बाजार गेला. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेनला गेले. गिरणीच्या दारात हसऱ्या कामगार बायकांच्या घोळक्यात उभे असलेले गांधीजी, हे छायाचित्र सगळ्यांनी पाहिलंय. तुमच्यापेक्षा माझ्या देशातली उपासमार कैकपटीनं मोठी आहे, असं त्यांनी तिथल्या बेकारांना शांतपणे सांगितलं, आणि ते खरं होतं. पण त्या घोळक्यातल्या विवाहित बायकांचा भत्ता त्याच उन्हाळ्यात केलेल्या कायद्यानं जाणार होता, हे त्या चित्राखाली कुणी लिहीत नाही. आणि इकडे? चरख्यावर देश उभा राहत होता, तरी कातणारीला इतकी तुटपुंजी मजुरी मिळत होती की ती वाढवण्यासाठी चरखा संघाला १९३५ मध्ये ठराव करावा लागला. साम्राज्याच्या धोतरात आणि स्वराज्याच्या खादीत बाईच्या श्रमाची किंमत शेवटीच लागत होती.

रात्रपाळीला आलेले पाहुणे

दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेल्या गिरण्यांत नवी यंत्रं आली. महाग यंत्रं चोवीस तास चालवायची होती आणि बाईला रात्रपाळी कायद्यानं बंद. स्थानिक पुरुष त्या पगारात यायला तयार नव्हते. म्हणून १९५० आणि ६०च्या दशकांत रात्रपाळी भरली ती पाकिस्तानातून आणि आपल्या गुजरातच्या भरूच-सुरतेकडून आलेल्या पुरुषांनी. बाईच्या ‘संरक्षणा’नं रिकाम्या ठेवलेल्या जागी स्वस्त परका मजूर उभा केला आणि मग दोघांना एकमेकांचे वैरी ठरवलं. रात्रपाळीची बंदी १९८६ मध्ये उठली, तोवर गिरण्याच जवळपास उठल्या होत्या.

आज त्या पालिका क्षेत्रात एक तृतीयांशाहून अधिक लोक मुस्लिम आहेत. त्यांच्या बायकांबद्दल ब्लॅकबर्न साऱ्या जगाच्या बातम्यांत आलं ते २००६ मध्ये, तेव्हाचे तिथले खासदार जॅक स्ट्रॉ यांनी भेटायला येणाऱ्या बायकांना चेहऱ्यावरचा नकाब काढायची विनंती करतो असं लिहिलं तेव्हा. महिनोन्‌महिने वाद झाला: नकाब असावा की नसावा. त्या बायकांना काम कोणतं मिळतं, किती पैशांत, हा वाद कधी झाला? १८१९ मध्ये ॲलिस किचनच्या शरीरावर चित्रं निघाली, २००६ मध्ये भरूचच्या लेकीसुनांच्या चेहऱ्यावर अग्रलेख. तिच्या मजुरीवर तेव्हाही कुणी बोललं नाही, आताही नाही.

याच गावाची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९४५च्या निवडणुकीआधी मजूर पक्षाच्या उमेदवारांच्या यादीत एकही बाई नाही हे पाहून ब्लॅकबर्नच्या कार्यकर्त्या बायकांनी काम सोडण्याची धमकी दिली. नाव घालावं लागलं, बार्बरा कॅसल निवडून आल्या आणि चौतीस वर्षं खासदार राहिल्या. १९६८ मध्ये डॅगनहॅमच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांचा संप झाला, आणि १९७०चा समान वेतन कायदा कॅसल यांनी आणला. मालकांना पाच वर्षांची मुदत मिळाली, तेवढ्यात अनेकांनी बायकांची आणि पुरुषांची कामं वेगळी करून टाकली. तरीही कायदा झाला. तो धमकी देणाऱ्या बायकांमुळे झाला, बाँडफील्ड आणि कॅसल यांच्यातला फरक तिथे आहे: एकीच्या मागे संघटित बायकांचा रेटा होता.

आपलं काय?

१९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचातला एक कामगार बाई होती. रात्रपाळीची बंदी आली, बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला, नवी यंत्रं आली, आणि दर वेळी मालकांनी बायका घेणंच कमी केलं. संघटना काय करत होत्या? पुरुषाला ‘कुटुंबाचं वेतन’ मागत होत्या. १९८२च्या संपापर्यंत गिरण्यांत मूठभर बायका उरल्या होत्या. इचलकरंजीत, भिवंडीत, मालेगावात त्यांचं काम घरात गेलं: कांड्या भरणं, नगावर पैसे, हजेरीपटावर नाव नाही.

आता वारं उलटं फिरलंय. २०२० मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या संहितेनं बाईला ‘तिच्या संमतीनं’ रात्रपाळीची मुभा दिली. आपल्यातल्या काही जणी टाळ्या वाजवतात, काही जणी घाबरून जुनी बंदी बरी म्हणतात. ब्लॅकबर्न सांगतं की दोन्ही बाजू अपुऱ्या आहेत. कंत्राटावरच्या बाईची संमती म्हणजे काय? नाही म्हटलं तर उद्या काम राहणार आहे का? बंदी आणि मुभा, दोन्ही वेळी तिला विचारलं कुणी?

म्हणून माझी मागणी साधी आहे. दर कागदावर आणि सर्वांना एक, घरात भरलेल्या कांडीलाही. पाळणाघर, प्रवासाची सोय आणि तक्रार समिती आधी, रात्रपाळी नंतर. बाळंतपणाचा बोजा एकट्या मालकावर किंवा एकट्या बाईवर न टाकता साऱ्या समाजावर. आणि संघटनेत जितक्या बायका वर्गणी भरतात तितक्या बायका वाटाघाटीच्या टेबलाशी.

ब्लॅकबर्नच्या चौकात १९०५ मध्ये राणीचा पुतळा बसला, १९१२ मध्ये गिरणीमालक हॉर्नबीचा. बार्बरा कॅसलचा बसायला २०२१ साल लागलं. ॲलिस किचननंतर दोनशे वर्षांनी. आपल्याला पुतळे नकोत. आपल्या वस्तीत कांडी भरणाऱ्या, बिड्या वळणाऱ्या, काजं-बटणं करणाऱ्या बायकांची यादी येत्या तीन महिन्यांत करा: नाव, काम, नगाचा दर, देणारा कोण. पुढच्या अंकाआधी आम्हाला पाठवा. इतिहासात नाव नंतर लागेल, आधी हजेरीपटावर लागू दे.